चौसष्टाव्या पत्रापासून

पद्मिनीबाईंच्या ब्लॉगला पहिला लेखच नव्हता. तो सुरूच व्हायचा चौसष्टपासून. 'पत्र क्र. ६४', मग 'पत्र क्र. ६५', असं करत करत गाडी ४११ वर येऊन पोचलेली. मथळा नाही, विषय नाही, नुसते आकडे. जिथे वस्त्यांनाही नावाऐवजी नंबर दिलेले आहेत अशा चंदीगड शहरात राहून बायकोला तीच सवय जडली, असं त्यांचे यजमान श्रीराम शेवाळे म्हणत. श्रीरामभाऊंनी एअरफोर्समध्ये विमानांच्या इंजिनांत हात काळे केले, निवृत्तीनंतर इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये दहा वर्षं फोरमनकी केली, आणि बायकोचा ब्लॉग आजवर एकदाही वाचला नाही. "मी समोर बसलेला असताना मला पत्र कशाला?" हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोडून काढणं कठीण होतं.

ब्लॉग सुरू करून दिला तो मुलानं, राजसनं. २००९ ची उन्हाळ्याची सुट्टी होती. कॉलेजातून घरी आलेल्या मुलाला आई दिवसभर वही-पेन घेऊन बसलेली दिसे, आणि लिहिलेलं कुठे जात नसे. त्यानं कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं आणि ब्लॉगला नाव काय द्यायचं म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, 'इकडे सर्व क्षेम'. मग त्यांनी पहिलाच लेख लिहिला आणि वर ठेवून दिलं, पत्र क्र. ६४. खाली 'प्रिय' लिहून स्वल्पविराम दिला आणि पुढे कुणाचंच नाव घातलं नाही. राजसला वाटलं, प्रिय वाचक म्हणायचं असेल. हे चौसष्ट काय म्हणून त्यानं विचारलं, तर "असू दे" एवढंच उत्तर आलं. आईचं 'असू दे' आलं की शेवाळ्यांच्या घरात पुढे कुणी काही विचारत नाही.

त्या पत्रांत काय नव्हतं! बदली होऊन चंदीगडला येणाऱ्या मराठी बाईनं विचारावं ते सगळं त्यात होतं. इथल्या पाण्यात तूरडाळ शिजायला वेळ का लागतो, गव्हाच्या कुरडयांचा चीक जून महिन्यात किती आंबवायचा, थालीपिठाची भाजणी दळून देणारा सरदारजी कुठल्या सेक्टरात बसतो आणि त्याला 'भाजणी' म्हटलेलं कळत नाही तर काय म्हणायचं. अधूनमधून बाई वाहवत जात. डाळीबद्दल लिहिता लिहिता अठ्ठ्याऐंशी सालच्या क्वार्टर्सच्या जिन्यात जाऊन बसत आणि डाळ तिकडे शिजत राही. त्या जिन्याबद्दल लिहिताना त्यांचा हात फार हळवा होई.

पहिली काही वर्षं लोक वाचत. एअरफोर्समधल्या, आर्मीतल्या बायका खाली प्रश्न विचारत, बाई प्रत्येकीला सविस्तर उत्तर देत. मग हळूहळू सगळे थंडावले. गेल्या दोन वर्षांत एकच प्रतिक्रिया आली होती, आणि ती केस वाढवण्याच्या तेलाची जाहिरात होती. बाईंनी तिलाही उत्तर दिलं होतं, की आपल्याला गरज नाही, धन्यवाद.

या दिवाळीत त्यांनी ठरवून टाकलं, की संक्रांतीपर्यंत बघायचं आणि मग बंद करायचं. हे त्या महाराष्ट्र मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात चकल्यांच्या परातीशी उभ्या राहून कुणाला तरी सांगत होत्या आणि शेजारची एक मुलगी ऐकत होती.

"काकू, कुठला ब्लॉग?" मुलीनं विचारलं. ती ओजस्विनी, धुळ्याची. मोहालीतल्या एका कंपनीत नोकरीला. लोक इंटरनेटवर काही शोधायला गेले की आपल्याच गिऱ्हाइकाचं पान त्यांना आधी दिसावं, असं लिहायचं हे तिचं काम. बाईंनी ब्लॉगचं नाव सांगितलं. ओजस्विनीनं तिथेच मोबाइलवर उघडला, दोन पत्रं वाचली आणि हातातली चकली तशीच राहिली.

"काकू, मी आठ महिन्यांपासून इथे आहे यार! सॉरी, यार नाही. पण हे सगळं मी शोधलं होतं. भाजणीचं पण. एकदा पण तुमचं पान नाही आलं माझ्यासमोर."

"का नाही आलं?"

"येणार कसं? मी काय शोधणार, पत्र क्रमांक दोनशे सात?"

बाईंना हे लागलं. सोळा वर्षं ज्या मुलीसाठी लिहिलं असं त्या स्वतःला सांगत होत्या, ती मुलगी समोर उभी होती आणि तिला काही पोचलंच नव्हतं. त्यांनी तिला रविवारी जेवायला बोलावलं.

रविवारी पिठलं-भात झाल्यावर कामाला सुरुवात झाली. ओजस्विनीनं एकेक दुखणं काढून दाखवलं. आकड्यांचे मथळे हे तर होतंच. फोटोंची नावं कॅमेऱ्यानं दिलेली, त्यामुळे फोटोत कुरडई आहे की कुत्रं हे शोधणाऱ्या मशीनला कळायला मार्ग नाही. आणि प्रत्येक पत्रात 'मागच्या पत्रात सांगितलं तसं' असं एक वाक्य.

"काकू, मागचं पत्र कुणी वाचलेलंच नसतं. लोक मधूनच येतात. त्यांना हवं ते पत्र तिथेच जोडून द्यायचं, बोट लावलं की उघडेल असं."

"क्रमानं वाचायला काय होतं लोकांना?"

"त्यांची डाळ गॅसवर असते ना काकू."

श्रीरामभाऊ पेपरामागून हसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं तसे ते पुन्हा पेपरात शिरले.

पहिला नमुना म्हणून ओजस्विनीनं दह्याचं पत्र घेतलं. तेच ते क्रमांक ६४. चंदीगडच्या थंडीत दही लागत नाही, तेव्हा काय करायचं, याचं. तिनं आठवडाभरात ते कंपनीच्या शिस्तीत नव्यानं लिहून आणलं. बाईंनी चष्मा लावला. त्या वीस वर्षं इथल्या एका शाळेत प्राथमिकला शिकवत होत्या आणि लाल पेन अजून हाताशी असे. पहिल्या परिच्छेदात 'चंदीगडमध्ये थंडीत दही' हे शब्द सात वेळा आले होते. बाईंनी सातही ठिकाणी गोल केले.

"एवढं दही तर मी आयुष्यात लावलं नसेल," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे एखादी दारात येऊन विचारते, तेव्हा ती सात वेळा विचारते का?"

ओजस्विनी ओशाळली. मग म्हणाली, "खरं सांगू? मशीनला पण हे आता आवडत नाही. आमच्या बॉसला आवडतं."

"मग बॉसला दही खाऊ घाल. इथे एकदाच लिहायचं, विचारणारीच्या तोंडचं. आणि लगेच उत्तर द्यायचं. मग पुढे मला काय बोलायचं ते मी बोलेन. ज्याची डाळ गॅसवर आहे तो उठून जाईल."

यावर दोघींचं जमलं. नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार त्यात गेले. ओजस्विनी मोहालीहून ऑटोनं यायची, बाहेर धुक्यात समोरची इमारत दिसेनाशी व्हायची आणि आत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेंगदाण्याचा डबा आणि लाल पेन. बाई एकेक पत्र वाचत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "हे नव्वद साली त्या नागपूरच्या बाईनं विचारलं होतं. 'इथं पोह्याला जाड-पातळ काय म्हणतात हो?' हेच घाल वर." त्यांना प्रत्येक प्रश्न, विचारणारीच्या सुरासकट आठवत होता. ओजस्विनी थक्क व्हायची. तिच्या कंपनीत हेच कळावं म्हणून चार माणसं दिवसभर तक्ते करत बसतात.

एकाच गोष्टीवर बाई अडून बसल्या. क्रमांक काढायचा नाही.

"मथळा तू म्हणशील तसा. पण वर डाव्या कोपऱ्यात आकडा राहील."

"काकू, त्या आकड्याचा कुणालाच काही उपयोग नाही. उलट लोक विचारतील, पहिली त्रेसष्ट कुठे गेली?"

"असू दे."

ओजस्विनीला त्या 'असू दे'चं वजन माहीत नव्हतं, पण श्रीरामभाऊंनी पेपरावरून मान हलवून तिला खूण केली आणि आकडा राहिला.

डिसेंबर संपता संपता गंमत झाली. लोक यायला लागले. आधी दिवसाला दहा, मग चाळीस, मग एका दिवशी तीनशे. ओजस्विनी आकडे वाचून दाखवताना खुर्चीतून उठायची. प्रश्न यायला लागले. बंगळूरहून कांचन नावाच्या बाईनं कुरडयांबद्दल विचारलं, लेहमधल्या एका जवानानं चपात्या वातड का होतात म्हणून विचारलं. बाईंनी सगळ्यांना उत्तरं दिली. पण ओजस्विनीच्या एक लक्षात आलं. नवी प्रतिक्रिया आली की काकू मजकूर वाचायच्या आधी खालचं नाव वाचतात. नाव वाचलं की त्यांचा चेहरा किंचित उतरतो, मग त्या चष्मा पुसतात आणि मजकूर वाचतात.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तिनं विचारलंच. "काकू, आता तर बंद नाही ना करणार? लोक आले की."

"बघू."

"तुम्ही कुणाची वाट बघताय?"

बाई उठल्या. ओजस्विनीला वाटलं आता 'असू दे' येणार. पण त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आल्या. पिवळं पडलेलं, बंद. पत्त्यावर आडवी रेघ आणि पोस्टाचा शेरा, पत्ता सोडून गेले. वर डाव्या कोपऱ्यात बाईंच्या ठसठशीत अक्षरात ६३.

सत्त्याऐंशी साली नवी नवरी म्हणून त्या कराडहून इथल्या क्वार्टर्समध्ये आल्या, तेव्हा समोरच्या दारात सुशीलावहिनी राहत. वयानं आठेक वर्षांनी मोठ्या, दोन मुलांच्या आई. हिंदी बोलायला, सिगडी पेटवायला, भाजीवाल्याशी पंजाबीत भांडायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या थंडीत पद्मिनीचं दही तीन दिवस लागलं नाही आणि ती रडायला बसली, तेव्हा वहिनींनी नवऱ्याची एअरफोर्सची निळी लोकरी जर्सी काढली, भांडं तीत गुंडाळलं आणि कणकेच्या डब्यात खुपसून ठेवलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं. श्रीरामभाऊ पुढच्या ठाण्यावर गेलेले असत, तिथून त्यांची पत्रं तीन-तीन एकदम येत, उलटसुलट. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं कळत नसे. वहिनी म्हणाल्या, अगं दोघांनीही वर नंबर घाला. आणि पत्र सुरू करताना आधी पोच लिही, तुमचं बारा मिळालं, अकरा अजून नाही. म्हणजे काय हरवलं ते तरी समजतं.

एक्क्याण्णवला वहिनींच्या यजमानांची बदली झाली आणि दोघींची पत्रं सुरू झाली. वहिनींची वेगळी क्रमवारी, हिची वेगळी. पंधरा वर्षं. वहिनी निवृत्तीनंतर इस्लामपूरला स्थायिक झाल्या. मग पद्मिनीबाईंचे वडील कराडला वारले आणि तासाभराच्या अंतरावर असून वहिनी भेटायला आल्या नाहीत.

"मी रागानं लिहिलं," बाई म्हणाल्या. "क्रमांक बासष्ट. 'तुम्हाला यायला जमलं नाही. ठीक आहे.' एवढंच. चार ओळी. पोस्टात टाकलं आणि महिन्यानं कुणाकडून तरी कळलं, त्याच आठवड्यात त्यांचे यजमान दवाखान्यात होते. वाचतील की नाही अशी अवस्था. मग हे लिहिलं, त्रेसष्ट. माफी मागितली. ते परत आलं. त्या पत्ता न कळवता निघून गेल्या, म्हणजे बासष्ट वाचून माझ्याशी संबंध तोडला, दुसरं काय?"

"तुम्ही शोधलं नाही त्यांना?"

"सुशीला पाटील! शोधून बघ तू. माझ्यासमोर एक नगरसेविका आली, एक योगशिक्षिका आली आणि अंगणवाडीच्या भरतीची यादी आली." बाई हसल्या. "म्हणून मी लिहीत राहिले. वाटलं, कधीतरी कोपऱ्यातला आकडा बघतील. दुसरं कुणी ओळखणार नाही, पण त्या ओळखतील. मला फक्त एवढंच कळायला हवंय, की त्या अजून रागावलेल्या आहेत की नाही."

ओजस्विनीच्या तोंडून तिच्या धंद्याचा प्रश्न आपसूक आला. "काकू, सुशीलावहिनी इंटरनेटवर काय शोधतील?"

"त्या कशाला काय शोधतील? त्यांना सगळं येतं. मला त्यांनीच तर शिकवलं."

"मग त्यांच्या घरातलं कुणीतरी शोधेल. ज्याला येत नाही असं. ते चंदीगडलाच असेल असं थोडंच आहे? दही कुठेही बिघडतं."

त्या दुपारी दोघींनी चौसष्ट पुन्हा उघडलं. मथळ्यातलं चंदीगड खाली सरकवलं. 'कडाक्याच्या थंडीत दही लागत नाही, काय करू?' एवढंच वर राहिलं. त्याखाली युक्ती, पहिल्या दोन ओळींत. मग जर्सी, कणकेचा डबा, जिना, सगळं जसंच्या तसं. बाईंनी श्रीरामभाऊंची जुनी निळी जर्सी ट्रंकेतून काढली, भांड्याला गुंडाळून फोटो काढायला लावला, आणि फोटोला नाव दिलं, 'थंडीत दही लावण्यासाठी जर्सीत गुंडाळलेलं भांडं'. "हिला अजून भोकं नाहीत," श्रीरामभाऊ जर्सीकडे बघून म्हणाले आणि कुणी न सांगता चहा टाकायला उठले.

संक्रांत झाली. तीळगूळ वाटून झाला. ब्लॉग बंद करण्याचा विषय कुणी काढला नाही. प्रश्न येत राहिले आणि बाई आधी नाव वाचत राहिल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ओजस्विनी ऑफिसला निघाली होती. तिनं सवयीनं फोन बघितला आणि ऑटोवाल्याला ऑफिसऐवजी काकूंच्या घराकडे, सेक्टर सत्तेचाळीसला घ्यायला सांगितलं. दार श्रीरामभाऊंनी उघडलं. बाई मेथी निवडत होत्या. ओजस्विनीनं फोन त्यांच्या हातात दिला.

चौसष्टच्या खाली प्रतिक्रिया होती. नाव अनोळखी होतं, स्वानंदी. बाईंचा चेहरा नेहमीसारखा उतरला आणि मग त्या वाचू लागल्या.

'नमस्कार. मी कॅनडात शिकते. इकडे दही लागत नव्हतं म्हणून शोधलं तर हे मिळालं. ट्राय केलं, एकदम पर्फेक्ट लागलं. आजी नागपूरला असते, तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. कणकेच्या डब्यापर्यंत आले तर आजी म्हणाली थांब, वरती कोपऱ्यात काही नंबर आहे का बघ. पुढचं ती सांगतेय तसं लिहिते आहे.

पद्मा, तुझं ६४ आज पोचलं. ६२ पर्यंत सगळी माझ्याजवळ आहेत. ६२ वाचून मी रडले होते, आणि लगेच उत्तर दिलं होतं. ह्यांचं आजारपण, आम्ही मुलाकडे नागपूरला जातोय ते, आणि नवा पत्ता, सगळं त्यात लिहिलं होतं. ते माझं ५८ तुला पोचलं नाही वाटतं. मला वाटलं, तू रागावलीस. आता ६५ पासून नात वाचून दाखवणार आहे. पण ६३ दिसत नाही. ते पाठव.'

खाली नागपूरचा पत्ता होता. ओजस्विनीनं नंतर तो सगळ्यांना दिसू नये म्हणून काढून टाकला. पण आधी बाईंनी तो मेथीच्या ताटाखालच्या पेपरावर पेन्सिलीनं लिहून घेतला, दोनदा. मग त्या रडल्या. पदर तोंडाला न लावता, हात मेथीत ठेवून, घळघळा. श्रीरामभाऊ जवळ उभे राहिले आणि काय करावं न सुचून ताट उचलून घेऊन गेले.

"काकू, पाकिटातलं पत्र मी टाइप करून देऊ का ब्लॉगवर?" ओजस्विनीनं थोड्या वेळानं विचारलं. "आत्ताच्या आत्ता वाचतील त्या."

"नाही. ते त्यांचं आहे."

पाकीट न उघडता त्यांनी ते मोठ्या पाकिटात घातलं. तिघं मिळून सेक्टर १७ च्या पोस्टात गेली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, आंटीजी, अर्जंट है क्या? बाई म्हणाल्या, "हाँ जी, बहुत."

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. चारशे बारावं पत्र होतं. ओजस्विनी शेजारी बसली आणि सवयीनं म्हणाली, "मथळा काय द्यायचा? लोक काय शोधतील?"

"याला मथळा नको," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या कोपऱ्यात आकडा घातला आणि खाली 'प्रिय' लिहिलं. या वेळी त्या थांबल्या नाहीत.

'प्रिय सुशीलावहिनी, तुमचा निरोप पोचला. ५८ अजून नाही. ६३ आज पोस्टात टाकलं.'